वर्कीच्या पाठीमागचा डोंगर

केरळात इडुक्कीच्या डोंगरातला वर्की लग्नाचे फोटो काढायचा, तसेच मयताचेही. शवपेटीभोवती घरच्यांनी उभं राहून फोटो काढायचाच, आखातातल्या पोरांना पाठवायला. आदल्या दिवशी दरडीखाली औसेप गेला. त्याची पेटी अंगणात ठेवून सगळे ओळीनं उभे राहिले. डोंगराकडं पाठ करून वर्कीनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"आटपा चेट्टा," औसेपची बायको रोसम्मा वर्कीला म्हणाली. "जिवंतपणी कधी फोटोला थांबला नाही, आता तरी नीट येऊ दे."

"इकडं बघा," वर्की म्हणाला.

कुणीच बघेना. सगळ्यांचे डोळे त्याच्या डोक्यावरून वर गेले, तोंडं उघडीच राहिली. इतकी भेदरलेली माणसं त्यानं कधी पाहिली नव्हती. बटण आपोआप दाबलं गेलं, मान मात्र मागं वळेना. पायाखालची जमीन थरथरू लागली.

"खड्ड्यात गेला फोटो, पळ मेल्या!" रोसम्मानं त्याचं मनगट धरून ओढलं.

चिखलानं अंगण गिळलं, पेटीही नेली. चर्चच्या पायरीवर वर्की कॅमेरा कवटाळून बसला.

"पेटी आलीय ना फोटोत?" रोसम्मानं विचारलं. "दाखवा."

ते चेहरे पुन्हा बघायची त्याची छाती होईना. कॅमेरा तिच्या हाती देऊन त्यानं डोळे गच्च मिटले.