समाधानला सांगितलेला पिक्चर

सकाळी अकराच्या सुमारास देवळालीकडून तोफेचा आवाज येतो. आवाज कसला, दाबच तो. आधी छातीला कळतो, मग कानाला. मांडणीवरचे काचेचे पेले एकमेकांना हलकेच स्पर्शून किणकिणतात, खिडकीचे तावदान थरथरते आणि पुन्हा सारे निश्चल होते. तोफखान्याचा सराव चालला आहे, हे आमच्या नाशिकरोडला लहान लेकरांनाही ठाऊक असते. त्यामुळे इथे कोणी दचकत नाही, हातातली मेथीची जुडी कोणी खाली ठेवत नाही. मी मात्र दर वेळी थांबते. पहिल्या आणि दुसऱ्या धमाक्याच्या मधे जी नीरवता असते ना, तिच्यासाठी! श्वास अर्धवट राहतो, पुढचा आवाज येणार हे माहीत असते, केव्हा येणार ते नसते. चित्रपटातले मला जे सर्वांत प्रिय, ते हेच.

शाळेत ग्रंथपाल असलेली बावन्न वर्षांची बाई म्हटली, की लोकांना वाटते, ही डोळ्यांना पदर लावून कौटुंबिक चित्रपट पाहत असेल. छे! मला लागतात ते गुन्ह्याचे, युद्धाचे, पाठलागाचे चित्रपट. रक्ताची हौस नाही हो मला, ताणाची आहे. आणि या बाबतीत माझी मते फार कडक आहेत. खुनी कोण हे शेवटपर्यंत लपवणारा चित्रपट मी दुय्यम मानते. खुनी पहिल्याच प्रसंगात दाखवावा आणि मग त्याला शेजारच्या घरी चहाला बसवावे. खरी भीती बंदुकीत नसते, त्या कपबशीच्या आवाजात असते. मरणाऱ्या सैनिकाने लांबलचक भाषण सुरू केले, की मी खुर्चीत चुळबुळते. तीस गुंड नायकाला वेढा घालतात आणि मग रेशनच्या दुकानासमोर उभे राहावे तसे एकेक करून पुढे येतात, तेव्हा तर हसूच येते. पण माझे सर्वांत कठोर मत शेवटाविषयी होते. ज्याने मृत्यूला इतक्यांदा डिवचले, तो नायक अखेरीस मेलाच पाहिजे! तो धडधाकट घरी परतला, की आधीचे दोन तास खोटे झाले, असे मी ठणकावून सांगत असे.

हे सारे ऐकून घ्यायला मला एक हक्काचा श्रोता होता. आमच्या खालच्या मजल्यावरचे भामरे अण्णा. मूळचे सटाण्याकडचे, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तोफांनी त्यांचा डावा कान कायमचा नेलेला. रविवारी दुपारी त्यांच्या टीव्हीवर आम्ही दोघे मारधाडीचा चित्रपट लावायचो आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, शेंगा फोडत आम्हाला नावे ठेवायच्या. नायकाच्या बंदुकीतून गोळ्यांचा पाऊस पडू लागला, की अण्णा उजवा कान माझ्याकडे करून म्हणायचे, "ताई, ह्याची गोळी संपतच नाय का हो? आम्हाला तर एकेकीचा हिशोब द्यावा लागायचा." मात्र पडद्यावर कोणी जखमी होऊन कण्हू लागले, की ते पाणी प्यायला उठत. प्रत्येक वेळी. मला वाटायचे, वय झाले, घसा कोरडा पडत असेल.

त्यांची एकुलती लेक वैशाली सैन्याच्या रुग्णालयात परिचारिका आहे. तेव्हा ती उत्तरेत होती, सीमेपासून फार दूर नाही अशा ठिकाणी.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एके सकाळी सीमेवरून बातम्या येऊ लागल्या. तुम्हालाही आठवत असतील तसले दिवस. वाहिन्यांवर भोंगे वाजत होते, संगणकावर चितारलेली विमाने पडदा चिरत जात होती, निवेदक ओरडत होते. मी वर्तमानपत्र हातात घेऊनच खाली धावले. आज ते लिहितानाही बोटे आखडतात, पण लिहायलाच हवे. दारातूनच मी म्हणाले, "अण्णा, आता खरा पिक्चर सुरू झाला!"

अण्णांनी ऐकले नसावे; त्यांचा डावा कान माझ्याकडे होता. काकूंनी ऐकले. त्या कणीक मळत होत्या. हात थांबला. "ताई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "माझी पोर आहे तिकडं."

एवढेच. त्या पुन्हा कणीक मळू लागल्या. रागावल्या असत्या, दोन शब्द सुनावले असते, तर मला उभे राहायला काही आधार तरी मिळाला असता! मी जिना चढून वर आले आणि कितीतरी वेळ पाण्याचा पेला हातात धरून नुसती बसून राहिले. इतकी वर्षे मी भीतीची पारख केली. चांगली भीती कोणती, बेगडी कोणती, हे इतरांना शिकवले. आणि भीती माझ्यापुढे कणकेच्या परातीशी बसलेली असताना मला ती ओळखता येऊ नये?

त्या दिवसापासून वैशालीचा फोन लागेना. एक दिवस, दोन दिवस, तीन. अण्णांनी टीव्ही बंद करून त्यावर टॉवेल टाकला. गॅलरीत खुर्ची टाकून ते फोन उजव्या मांडीवर, ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला, ठेवून बसत. मी भाजी आणायला जाताना खालून पाहायची आणि नजर वळवायची. जिन्यात काकू समोर आल्या तर दोघीही बाजूला सरकायचो. सराव बंद नव्हता. तोफ वाजली की मांडणीवरचे पेले किणकिणायचे आणि मी धावत जाऊन त्यांच्यावर हात ठेवायची. खाली ऐकू जाऊ नये म्हणून! तोफ ऐकू जाणार नाही आणि पेले जातील, असे काहीतरी त्या वेळी मला वाटत होते. माणूस घाबरला की किती वेड्यासारखे वागतो, हे मी तोवर कुठल्या चित्रपटात पाहिले नव्हते.

चौथ्या दुपारी तीनच्या सुमारास दार वाजले. दारात काकू. जिना चढून धाप लागलेली, डोळे लाल, पण चेहरा उजळलेला. "चला खाली. वैशूचा फोन आलाय. तिला तुम्ही पाहिजे."

"मी?"

"तुम्हीच. चला आधी."

खाली अण्णा फोनमध्ये मोठमोठ्याने विचारत होते, "तू बरी शे ना? जेवलीस का?" सटाण्याची भाषा त्यांच्या तोंडात फक्त लेकीशी बोलतानाच येई. त्यांनी फोन माझ्या हाती दिला.

वैशालीचा आवाज थकलेला होता. "मावशी, वेळ थोडा आहे. माझ्या वॉर्डात एक जवान आहे, समाधान. आपल्या नांदगावकडचा. तोफगोळ्याच्या किरचा लागल्यात. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत. कोणाशी बोलत नाही, धड जेवत नाही. आज मला म्हणाला, सिस्टर, एखादा मारधाडीचा पिक्चर सांगा. मला कुठे येतात मावशी? तुम्ही सांगाल?"

मी सांगू? ज्याच्या डोळ्यांत अजून खरी धूळ असेल, त्याला मी खोटे स्फोट सांगू? पाहिलेले शेकडो चित्रपट झरझर मनात आले आणि प्रत्येक चित्रपट एका धमाक्याशी येऊन अडला. मी फोनवर हात ठेवून अण्णांना म्हणाले, "त्याला काहीतरी साधं, हसरं सांगते. मारामारी नको."

वैशालीने त्यांना आधीच सारे सांगितले असावे; अण्णांनी नकारार्थी मान हलवली. "नाय ताई. त्यानं जे मागितलं, तेच द्या. त्याला दया दाखवणारे पुष्कळ असतील तिथं."

मग मी तिथल्या तिथे एक चित्रपट रचू लागले. नायक कांद्याच्या ट्रकचा चालक. सटाण्याहून मुंबईला निघाला आहे. वाटेत एक बाई ट्रक थांबवते. तिने एक खून होताना पाहिला आहे आणि उद्या कोर्टात तिची साक्ष आहे. खुनी तिच्या मागावर आहे, आणि तो खुनी म्हणजे ट्रकचालकाचा बालमित्र, जो वाटेतल्या ढाब्यावर त्याच्यासमोर बसून चहा पितो आहे. बशीवर कप ठेवल्याचा आवाज मी जिभेने काढून दाखवला.

वैशालीने फोन त्याच्या कानाशी धरला होता. मग एक घोगरा आवाज आला, "त्याला ठाव हाय का, बाई ट्रकमधी हाय म्हणून?"

"ते अजून कळत नाही," मी म्हणाले.

"भारी हाय," तो म्हणाला.

वैशालीला फोनसाठी मिळालेली पंधरा मिनिटे संपली. दुसऱ्या दुपारी तीनला फोन आला, तिसऱ्या दुपारीही. काकू माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवून शेजारी बसत. अण्णा फोनचा स्पीकर लावून उजवा कान पुढे करत. समाधान आता मधे मधे बोलू लागला होता. कसारा घाटातला पाठलाग मी रंगात येऊन सांगत होते, तर म्हणाला, "मावशी, भरलेला ट्रक घाटात असा पळत नाय. गिअरमधी उतरवावा लागतो. चुलत्याचा ट्रक हाय आमच्या." मी चूक दुरुस्त केली, ट्रक हळू झाला आणि प्रसंग अधिकच भयंकर झाला! मागच्या गाडीचे दिवे आरशात वाढत चालले आहेत आणि ट्रकला वेग घेता येत नाही. "आता बरोबर," तो म्हणाला. पलीकडे कोणीतरी आणखी ऐकत होते. दोघातिघांचे श्वास ऐकू येत होते.

चौथ्या दुपारी त्याचा आवाज बदललेला होता. "मावशी, उद्या पट्टी सोडणार हायेत. आज शेवट सांगून टाका."

शेवट मी पहिल्याच दिवशी ठरवला होता. ब्रेक निकामी होतात, तो बाईला खाली ढकलतो आणि ट्रकसकट दरीत जातो. माझ्या साऱ्या मतांना शोभणारा शेवट! मी ब्रेक निकामी केले. बाईला रस्त्याच्या कडेला सुखरूप उतरवले. आणि मी पाण्याचा तांब्या उचलला.

"तो मरतो ना?" समाधानने विचारले. "खरं सांगा मावशी. गोड करू नका."

काकूंचा हात माझ्या गुडघ्यावर आला. मी काय सांगायला हवे होते? तो सहीसलामत सुटला म्हणाले असते, तर त्याने ते खोटे लगेच ओळखले असते. तो माझ्याच जातकुळीचा प्रेक्षक होता. आणि मेला म्हणायला माझे ओठ उघडेनात.

"नाही मरत," मी म्हणाले. "ट्रक कठड्याला अडकतो. पण त्याचा एक हात जातो."

पलीकडे खाट कुरकुरली. मग तो म्हणाला, "मग तो ट्रक कसा चालवंल?"

एवढे चित्रपट पाहिले, पण शेवटच्या पाटीनंतर नायक काय करतो, हे मी कधी मनात आणले नव्हते. अण्णांनी पुढे वाकून फोन हातात घेतला. "नाय चालवणार," ते म्हणाले. "काही दिवस चिडचिड करील, भांडी आपटील. मग दुसरं काहीतरी शिकंल. माझा कान गेला तेव्हा मी बी असाच बसलो होतो बाबा, भिंतीकडं तोंड करून. पण तो घरी जातो. आधी घरी जातो, मग पुढचं."

"हां," समाधान म्हणाला. "घरी जातो ना. मग चालंल."

दुसऱ्या दुपारी तीन वाजले, साडेतीन, चार. फोन आला नाही. आम्ही तिघे एकमेकांकडे न पाहता बसलो होतो. चहा केला, तो तसाच निवला. काकू एकदाच बोलल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून बरं झालं." त्या सकाळच्या वाक्याची क्षमा मला त्या क्षणी मिळाली, असे मी समजते, मी नंतर कधी विचारले नाही. पाचच्या पुढे वैशालीचा निरोप आला. उजवा डोळा वाचला होता. डावा नाही.

पावसाळा संपता संपता समाधान नाशिकला आला. अण्णांकडे उतरला. उंच, सावळा, हसताना किंचित मान तिरपी करणारा मुलगा. काकूंनी त्याला आग्रह करकरून पुरणपोळी वाढली. मग तोच म्हणाला, "मावशी, पिक्चरला जाऊ." मी कचरले, लागलेला चित्रपट युद्धाचा होता. पण त्याने ऐकले नाही. दुपारच्या खेळाला अण्णा, तो आणि मी असे तिघे गेलो. त्याने रांगेतली डावीकडची कडेची खुर्ची घेतली, म्हणजे पडदाही आणि आम्ही दोघेही त्याच्या उजव्या बाजूला राहू.

चित्रपट उत्तम होता. माझ्या कसोट्यांवर उतरणारा. मौन होते, ताण होता, भाषणे नव्हती. मग मोठी चकमक झाली. नायक धुरातून धावत सुटला आणि त्याच्या मागेपुढे माणसे कोसळू लागली. आपली, परकी, ओळखू येत नव्हती. प्रेक्षागृहात शिट्ट्या वाजल्या. मी अण्णांकडे पाहिले. या वेळी ते उठले नाहीत. समाधानच्या मनगटावर हात ठेवून बसून होते.

"मावशी," समाधान पुटपुटला, "ह्यांना उचलाया कोणीच का येत नाय?"

पुढच्या रांगेतल्या कोणीतरी मागे वळून "शू" केले. नायक टेकडीवर पोहोचला होता, संगीत उंच चढले होते, सारे प्रेक्षागृह त्याच्याबरोबर वर गेले होते. मी मात्र त्याच्यामागे गेले नाही. धुरात पडलेल्या त्या माणसांपाशी मी थांबले होते आणि त्यांच्यातल्या एखाद्याचा हात हलतो का, ते शोधत होते. पण कॅमेरा तिथून केव्हाच निघून गेला होता.