चुंबकवाल्या डॉक्टरांची केस

वकिलाच्या घरी फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फायली कोर्टात परत जातात, किस्से कोण नेणार? कापसाने सगळ्यांनाच रडवलं त्या वर्षांत मी घाटंजीला सरकारी वकील होतो. तिथल्या एकाच केसने मला जन्माची शिदोरी दिली.

आरोपी डॉ. मानकर. चांगले एमबीबीएस, माणूस गोड, पण कुठलंही दुखणं चुंबकाने जातं अशी श्रद्धा. कपाशीवर फवारताना विष चढलेल्या माणसालाही त्यांनी कमरेला चुंबकाचा पट्टा बांधून दुपारभर निजवलं. त्याची बायको सुमनबाई त्याला उचलून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली, म्हणून वाचला. तक्रार तिचीच. मला म्हणाली, "मले काई नाई पायजे साहेब. आनखी कोनाच्या नवऱ्याले पट्टा बांधू नये, बस."

*

डॉक्टर औषध म्हणून पाजायचे ते चुंबक बुडवलेलं पाणी पोलिसांनी जप्त केलं. पंचनाम्यात मात्र 'एक रिकामी बाटली'! हवालदाराला विचारलं, "पाणी कुठंय?"

"पंच उन्हातून आलते साहेब. पानी मांगलं, टेबलावर हेच होतं."

*

एका म्हाताऱ्या पेशंटला मी कोर्टात विचारलं, "त्या पाण्याने फरक पडला?"

"पडला ना. तहान गेली."

मी खूश. आरोपीचे वकील उठले, "मग परत परत कायले जात होते?"

"डॉक्टर आपलं आयकून घेते. सरकारी दवाखान्यात तं कोनी नावबी नाई इचारत."

ऐकून वाईट वाटलं.

*

हे आरोपीचे वकील माझे जुने मित्र. एकदा माझ्या टाचण्यांची डबी सांडली. ते उचलायला वाकले, तर निम्म्या टाचण्या त्यांच्या पँटच्या गुडघ्याला!

"तू पण?" मी कुजबुजलो.

"अशिलाचं मन मोडवत नाई बाप्पा."

*

साक्षीदार एकेक करून डॉक्टरांकडे झुकले. केस हातची चालली होती. सुमनबाई दर तारखेला मागच्या बाकावर येऊन बसायची, तिच्याकडे बघवत नसे.

शेवटी डॉक्टर स्वतःच साक्षीला उभे राहिले. ते शपथेवर बोलत होते आणि न्यायाधीश त्यांचं एकेक वाक्य टाइपिस्टला सांगत होते. "कुठल्याही आजारात आधी चुंबकच लावावं," असं म्हणता म्हणता डॉक्टरांना दरदरून घाम फुटला आणि ते पिंजऱ्यातच खाली बसले. त्यांचा कंपाउंडर धावत आला, कमरेला पट्टा बांधायला लागला.

डॉक्टरांनी त्याचा हात झटकला. "अबे काढ हे! गाडी बोलाव, यवतमाळले ने मले!"

न्यायाधीशांनी शिपायाला गाडीसाठी पिटाळलं. मग टाइपिस्टकडे वळून शांतपणे म्हणाले, "घ्या. साक्षीदार स्वतःहून सांगतो की, पट्टा काढा आणि मला यवतमाळला न्या."