रखमीच्या धवल्यातली नावाची जागा

माझा धंदा मंडप आणि साउंडचा. खर्डी स्टेशनापासून तानसाच्या जंगलापर्यंत कुठेही लग्न निघालं की बांबू माझे आणि भोंगेही माझेच. लोकांच्या फर्माइशी वाजवून वाजवून कान इतके किटलेत, की घरी बायकोने टीव्ही लावला तरी मी खेकसतो. पण रखमीचा अल्बम लागला की मी गप्प बसतो. ‘मांडवदारी’ त्याचं नाव, त्यात आठ धवले. आमच्याकडच्या वारली पाड्यांवर लग्न धवलेरी लावते, आणि ती ते गाऊन लावते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. रखमी अशीच एक धवलेरी.

मन उतरलं की मी गोडाऊनचं शटर अर्धं ओढतो आणि तो अल्बम लावतो. पहिला धवला दिव्याचा, अगदी सावकाश चढणारा. तिसऱ्यात हळद लागते आणि तिथे रखमीचा आवाज असा मोकळा सुटतो, की आपलंही काही चांगलं व्हायचं राहिलंय असं वाटायला लागतं. ढोल नाही, बेंजो नाही. एका डीजेवाल्याने त्यावर ठोके चढवून रिमिक्स काढलं. त्याच्याशी मी आजही बोलत नाही.

माझा लाडका पाचवा. ‘मांडवाच्या दारी कोण गो उभी?’ असं ती दोनदा विचारते, आणि तिसऱ्या वेळी त्या दिवशीच्या नवरीचं नाव घेते. ते नाव ती अशी घोळवून घ्यायची, की दिवसभर खाली मान घालून बसलेली पोर वर बघायची. अल्बममध्ये कुणाचं नाव घालणार? तिथे तिने नुसतं ‘नवरी’ म्हटलंय.

रखमी धवले शिकली ते मावशीच्या मागे मागे फिरून. एरवी भातलावणी, मोहाची फुलं, मुरबाडकडच्या मळ्यांवर भेंडी तोडायला जाणं, हेच तिचं आयुष्य. पण लग्नसराईत तिच्याशिवाय पाडा हलायचा नाही. नवरा गोमा प्रत्येक लग्नाला तिच्यासोबत चालत जायचा आणि मांडवाबाहेर तंबाखू मळत बसायचा. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मुरबाडच्या स्टुडिओत तिला मीच घेऊन गेलो होतो. काचेच्या खोलीत एकटीला बसवलं, तर तिच्या तोंडून सूर फुटेना. दिवा पाहिजे म्हणाली, तांदूळ पाहिजेत म्हणाली. स्टुडिओवाला वायरींकडे बघून घाबरला, पण दिवा लावला. तरी काही होईना. शेवटी गोमाला आत बसवलं, खोकायचं नाही अशी तंबी दिली, आणि मग आठही धवले एका बैठकीत झाले.

गेल्या वर्षी भात झोडताना गोमाच्या छातीत कळ आली. शहापूरला न्यायला मीच टेम्पो काढला, पण वाटेतच तो गेला.

धवलेरी सवाशीणच लागते. नवरा गेला की तिचं गाणं संपलं. रखमीला कुणी तसं तोंडावर सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. तिला आवतण यायचं थांबलं. मला याचा फार राग येतो. आवाज तिचा, घसा तिचा, शिकली ती मावशीकडून, यात गोमाने मरून काय नेलं? एकदा हे मी तिला बोललो, तर ती माझ्यावरच चिडली. “तू वारली हायस काय? मंग गप रव,” म्हणाली.

यंदा तिच्या दिपिकाचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर. तिच्या लग्नात गायचं म्हणून रखमी कितीतरी वर्षं वाट बघत होती, हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. तानसाकडची दुसरी धवलेरी ठकी यायला तयार होती. पण दिपिका अडून बसली. “मना आयेचाच आवाज पायजे. नायतर मी मांडवात बसाची नाय.”

पाड्यातले म्हातारे विचाराला बसले. त्यात सगळ्यात मोठा धाऊ. तो म्हणाला, “साईनाथ, तुज्याकडं तिची गाणी हायत ना? ती गायली तवा गोमा जिता व्हता. तो आवाज सवाशिणीचा हाय. तो चालंल.”

सगळ्यांना ते पटलं. दिपिकालाही पटलं. मला हसावं की रडावं कळेना. मी रखमीकडे बघितलं, तर ती म्हणाली, “चालंल. पोरीचं लगीन लागू दे.”

लग्न लागलं. भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या लग्नाच्या चौकापुढे दिवा, तांदूळ, आणि धवलेरीच्या जागी माझा भोंगा. रखमी घरामागे भाताच्या टोपाशी, बायकांमध्ये. आवाज छान लागला होता, मीच लावला होता. हळदीच्या धवल्याला पोरीबाळी खुशीने डोलायला लागल्या. मग पाचवा आला. ‘कोण गो उभी?’ दोनदा झालं. दिपिकाने मान वर केली. भोंग्यातून तिची आई म्हणाली, ‘नवरी.’ पोरीने मान पुन्हा खाली घातली, आणि मला त्या मशीनवर लाथ घालावीशी वाटली.

दुपारी वरात गेली. मी बांबू सोडवत होतो. रखमी येऊन रिकाम्या मांडवात बसली.

“साईनाथ, ते पाचवं लाव रे. हळू लाव. त्यात नाव घालते मी.”

मी लावलं. पहिल्या ओळीलाच तिने आवाज मिळवायचा प्रयत्न केला, पण वर्षभर न गायलेला घसा, मध्येच फाटला. ती खाकरली. दुसऱ्या ओळीलाही तेच झालं. भोंग्यातली रखमी आरामात वर चढत होती, आणि माझ्यासमोरची रखमी तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत होती.

“लय चढी गाते ही,” ती म्हणाली. “मना नाय जमं.”

“परत लावू?”

“नको. बंद कर.”

मी बंद केलं. मी उगाच वायर गुंडाळत राहिलो. ती उठून चौकासमोर जाऊन बसली. मग तिने नाव घेतलं. सूर नाही, काही नाही. संध्याकाळी पोरीला जेवायला हाक मारतात ना, तसंच.

“दिपिका.”