उंच माणसांच्या घरातली डॉक्टर

ताई गेल्याची बातमी घेऊन माझे यजमान धावत घरी आले. जवाहरनगरच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात मी लाखोरीची डाळ निवडत बसले होते. फॅक्टरी सुटायला अजून अवकाश होता, आणि समोरच्या रस्त्यावरून हा उंचच उंच माणूस चपला हातात घेऊन धावत येताना दिसला. बातमी काय असेल ते मला तिथंच कळलं. धावायचं नाही, ओझं उचलायचं नाही, जिना सावकाश चढायचा, हे ताईंनी त्यांना वर्षानुवर्षं बजावलं होतं, आणि रागावत, कुरकुरत का होईना, ते पाळत आले होते. फाटकाशी येऊन ते वाकले, गुडघ्यांवर हात टेकले आणि म्हणाले, "नागपूरहून फोन आला ऑफिसात... ताई गेली." मी आधी त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं, मनगट धरून नाडी पाहिली. नाडी पाहायला मला ताईंनीच शिकवलं होतं. रडले ते त्यानंतर.

डॉ. वत्सला ही माझी थोरली नणंद. नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकवत, आणि घराण्यात पिढ्यान् पिढ्या उतरत येणाऱ्या एका प्रकारच्या आजारांचा अभ्यास हेच त्यांचं आयुष्य होतं. मी शाळा अर्धवट सोडलेली. मला त्यांनी तो अभ्यास एकदा धुणं वाळत घालता घालता समजावून सांगितला होता. "आपल्या आंगात सारं जागच्या जागी धरून ठेवनारा एक धागा असते, कुसुम. हाडं, डोळ्यातलं भिंग, रक्ताच्या नळ्या, सारं त्याच्यानं बांधलेलं. काही घरात तो धागा जलमापासूनच कच्चा. लुगडं दिसाले चांगलं, पन ताण पडला का फाटते." मग ओलं लुगडं झटकून त्या म्हणाल्या होत्या, "आपल्या घरात तो ताण काळजाजवळच्या मोठ्या नळीवर पडते."

आपल्या घरात... हे शब्द त्या इतक्या सहज म्हणाल्या, की मला त्यांचा अर्थ उशिरा लागला.

बांगलादेशची लढाई झाली त्या साली लग्न होऊन मी आंबागडला आले. किल्ल्याच्या डोंगराखालचं गाव, धानाची शेती, मागे जंगल. आमच्या घरातली माणसं दारातून आत येताना वाकून यायची. लांब हात, लांब बोटं, बारीक अंग, कोणाकोणाला जाड भिंगांचे चष्मे. गावात आमच्या घराला 'बगळ्याइचं घर' म्हणत, आणि नव्या नवरीला त्याचं हसूच यायचं. हसू थांबलं ते एका सणाच्या पंगतीत. वाढता वाढता लक्षात आलं, की या एवढ्या मोठ्या घरात म्हातारा पुरुष एकच, सासऱ्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका, आणि ते बुटके होते. म्हाताऱ्या बाया मात्र पुष्कळ, आणि सगळ्यांची कपाळं मोकळी. सासूबाईंना विचारलं तर त्या चुलीकडे पाहत म्हणाल्या, "तुह्या सासऱ्यानं धानाचा भारा डोक्यावर घेतला अन् धुऱ्यावरच बसले. छातीत दुखते म्हनले. भारा उतरवेपर्यंतबी नाई राहिले." तेव्हा ताई शाळकरी होत्या, बापासोबत शेतात गेलेल्या. त्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालत घरी आलेली ती मुलगी पुढे डॉक्टर झाली, पण त्या दिवसाचं कारण तिला कितीतरी वर्षं सापडलं नव्हतं.

ते सापडलं ताई पुढचं शिक्षण घेत असताना, वॉर्डात. सरांनी विद्यार्थ्यांपुढे एक पेशंट उभा केला होता, उंच, किडकिडीत. त्याला अंगठा आत घेऊन मूठ मिटायला लावली, तर अंगठ्याचं टोक मुठीच्या पलीकडून बाहेर आलं. सर आजाराचं नाव सांगत होते, असे रुग्ण चाळिशी फारशी पाहत नाहीत असं सांगत होते. "सारे त्या मानसाकडं पाहून राहिले होते," ताई मला म्हणाल्या, "अन् मी ॲप्रनच्या खिशात मूठ मिटून पाहून राहिली होती." त्या दिवाळीला त्या घरी आल्या त्या शिंप्याकडचा टेप घेऊन. हसत खेळत सगळ्यांच्या हातांची लांबी मोजली, मुठी मिटायला लावल्या, छातीला नळी लावली. पोरांना तो खेळच वाटला. यजमानांच्या छातीवर मात्र त्या फार वेळ ऐकत राहिल्या. नंतर जेवल्या, भांडी घासू लागल्या, सगळ्यांशी बोलल्या. सकाळी उठल्याबरोबर त्यांनी भावाला सांगितलं, "शंकर, तुले शेती सोडाव लागते."

शेतकऱ्याच्या तरण्याताठ्या पोराला हे सांगणं सोपं नव्हतं, आणि ऐकणंही. पण ताई हट्टाला पेटल्या. ओळखीपाळखी काढून त्यांनी यजमानांना जवाहरनगरला बसून करायच्या कारकुनीत लावलं, आणि आम्ही क्वार्टरमध्ये राहायला आलो. दोन खोल्या, समोर तशाच दोन खोल्या, सकाळी भोंगा, संध्याकाळी भोंगा. हे संध्याकाळी घरी येऊन खिडकीत उभे राहत. रोवण्याच्या दिवसांत रविवारी एस.टी.नं आंबागडला जाऊन धुऱ्यावर उभे राहून दुसऱ्यांना चिखलात वाकलेलं पाहत आणि परत येऊन जेवत नसत. एकदा ताई आल्या असताना त्यांचा बांध फुटला. "तू मले वाचवलं म्हनतं. पन मी जिता आहो का? चालू नोको, पळू नोको, उचलू नोको... कोंडवाड्यात टाकलं तू मले!" ताई खाली मान घालून ऐकत होत्या. सगळं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "मीबी त्याच्यातच आहो रे." ताईंचं दुखणं त्या दिवशी पहिल्यांदा घरात बोललं गेलं. त्यांनी लग्न का केलं नाही, हे मग कोणी विचारलं नाही.

ताईंच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण प्रसंग सरिताच्या लग्नाचा. सरिता ही काकांची मुलगी. काका बुटके असले तरी काकू आमच्याच नात्यातल्या, त्याच उंच घराण्यातल्या, आणि सरिता त्यांच्यावर गेलेली. तिला शहापूरचं स्थळ आलं. मुलगा चांगला, रस्त्यालगतची शेती, हायवेवर दुकान. ताईंनी तिला आतल्या खोलीत तपासलं आणि बाहेर आल्या, तेव्हा काकांनी दाराशीच त्यांना अडवलं.

"तपासलं ना? झालं. आता तोंड उघडू नोको."

"काका, बाळंतपणात या पोरीच्या काळजावर किती ताण येईन, तुमाले नाई समजत."

"समजत नाई तेच बरं हाय. तुह्या पुस्तकात आमच्या घराचं नाव छापशीन, तं कोन येईन बाकीच्या पोरीइले पाहाले? तू डॉक्टर कायले झाली, घर बुडवाले?"

"मी घर नाई बुडवून राहिली, काका. पोरगी वाचवून राहिली."

काकांनी ताईंपुढे हात जोडले. बापाच्या मागे ज्यांनी त्यांना शिकवलं, शेत विकून फी भरली, ते काका. ताईंनी त्यांचे हात धरून खाली केले. शेवटी ठरलं ते असं: घरातल्या सगळ्या मुलींची लग्नं होईपर्यंत ताई या घराण्याबद्दल एक अक्षर छापणार नाहीत, पण सरिताला सगळं सांगणार. सांगितलंही. मी तिथंच होते. सरिता चष्मा पुसत ऐकत राहिली. "मंग मी का करू ताई? लग्न नोको करू?" ताई म्हणाल्या, "कर. पन त्याले सांगून कर."

सरितानं मुलाला स्वतः सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, चहा घेतला, आणि चार दिवसांनी नकार आला. मग ती गोष्ट गावोगाव झाली. ताई आंबागडला आल्या की सरिता मागच्या दारानं बाहेर निघून जायची. काकू तोंडावर म्हणाल्या, "पोरीचं भलं केलं बाई तुनं." परतताना एस.टी.च्या थांब्यावर ताई मला म्हणाल्या, "नाई सांगितलं असतं आन् पोरगी गेली असती, तं मी मारली असती. सांगितलं, तं अशी मारली. कुसुम, मले याच्यातून निघाची वाटच दिसत नाई."

काकांना दिलेला शब्द त्यांनी पाळला, आणि त्याच शब्दात त्या अडकल्या. कारण मोठ्या घरात मुलींची लग्नं संपत नाहीत. एक उजवली की दुसरी पदर घ्यायला लागते. ताईंनी जिल्हाभर फिरून इतर घराण्यांवर काम केलं. नुसत्या धक्क्यानं हाडं मोडणारी लेकरं, सांधे वाटेल तसे वळणाऱ्या मुली, लहानपणीच दिसेनासं झालेली भावंडं. रविवारी आमच्या व्हरांड्यात अशी कुटुंबं येऊन बसत, मी चहा करत असे, आणि ताई एकेकाचा हात हातात घेऊन बोलत. त्या कामाचं नाव झालं. पण ज्या घराण्याची साखळी पणज्यापासून त्यांना पाठ होती, त्या आपल्याच घराण्याचे कागद कपाटात बंद राहिले. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना आपल्याकडे बोलावलं होतं. अट एकच, तुमच्याजवळचा सगळ्यात मोठा कुटुंबाचा अभ्यास घेऊन या. ताई गेल्या नाहीत. तिथं कोणाला कारण सांगणंही शक्य नव्हतं.

सरिताचं लग्न पुढे तुमसरच्या एका शाळामास्तरांशी झालं. सगळं ऐकून घेऊनही त्यांनी होकार दिला. लेकरू नको, असं ताईंनी दोघांना समजावलं होतं, तरी दिवस गेले. आणि जी सरिता वर्षानुवर्षं ताईंचं तोंड पाहत नव्हती, ती एके दिवशी पिशवी घेऊन नागपूरला त्यांच्या दारात उभी राहिली. "आता तूच पाह मले," एवढंच म्हणाली. ताईंनी तिला शेवटचे महिने आपल्याच खोलीत ठेवलं, उठू दिलं नाही, स्वतःच्या हातानं गोळ्या दिल्या, आणि ऑपरेशन करून बाळंतपण झालं तेव्हा त्या टेबलाजवळ उभ्या होत्या. सरिता वाचली. मुलगा झाला. मी बघायला गेले तर सगळे पेढे वाटत होते आणि ताई दिसेनात. शोधत गेले तर वॉर्डातल्या खाटांच्या ओळीच्या शेवटी, लोखंडी गजांच्या खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या. "का झालं ताई?" त्या वळल्या नाहीत. "त्याचे बोटं पाहिले का तुनं?" इतकंच म्हणाल्या.

आमची नंदा त्या वेळी लहान होती. ताई तिला तपासत, पण काय दिसलं ते सांगायचं टाळतात असं मला वाटायचं. दर वाढदिवसाला त्या तिचे डोळे पाहत, छाती ऐकत. शेवटच्या भेटीत मी धीर करून विचारलंच. ताई खूप थकलेल्या होत्या, बोलताना थांबत होत्या. "आज तं काही नाई," त्या म्हणाल्या, "पन वाढीची पोरगी हाय. उद्याचं आज सांगता येत नाई. दर वर्षी पाहत राहाव लागते." पाहणारं माणूस कोण, हे तेव्हा विचारायचं माझ्या मनात आलं नाही. पुढच्याच महिन्यात, सकाळी कॉलेजला निघताना, खोलीला कुलूप लावता लावता त्या दारातच बसल्या. वडिलांसारखंच. फार वेळ लागला नाही, असं शेजारच्या बाई म्हणाल्या.

तेराव्याला सगळं घर आंबागडला जमलं होतं. ताईंचे एक विद्यार्थी आले होते. काम पुढे न्यायची इच्छा आहे, पण घरच्यांची परवानगी लागेल, असं त्यांनी चाचरत सांगितलं. घरात अजून दोन मुली लग्नाच्या आहेत, हे सगळ्यांच्या मनात होतं. मग सरिता उठली. मांडीवरचं पोर तिनं काकांकडे दिलं आणि म्हणाली, "छापा. माझं नावबी टाका, फोटोबी टाका. तिनं शब्द पाळला अन् कोंडून मेली. आता पुरे." काकांनी नातवाला छातीशी धरलं, त्याच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत.

आता आमच्या मागच्या खोलीत ताईंची खाट आहे. क्वार्टरमधल्या लोखंडी खाटा साध्या उंचीच्या माणसांसाठी केलेल्या. ताई निजल्या की पाय पायथ्याच्या दांडीवर आदळायचे. म्हणून यजमानांनी ती दांडी कापून काढली आणि पुढे एक स्टूल लावून त्यावर चादरीची घडी ठेवली. ताई आल्या की पाय लांब करून "आता माणसासारखं निजता येते," म्हणायच्या. त्या गेल्यावर ते स्टूल मी व्हरांड्यात नेऊन ठेवलं, तर यजमानांनी परत आणून लावलं. त्या खाटेवर आता नंदा निजते. पोरगी वाढते आहे... रोज सकाळी तिला उठवायला गेले की मी आधी तिच्या तोंडाकडे पाहत नाही. पांघरुणाखाली तिचे पाय कुठवर आले, ते पाहते. अजून स्टुलाला लागलेले नाहीत.