गेरू-चुन्याची क्यारी

सोमवारी सकाळी चहाचा कप अर्धा टाकून मी अयोध्या नगरहून टाउनशिपपर्यंत धावतपळत गेले... गुडघे दोन्ही कुरकुरत असताना. कारण फोनवर कळलं की माझ्या गवतावर मशीन फिरतंय.

माझं गवत म्हणजे काय, ते सांगते. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये पाडलेल्या क्वार्टर्सच्या मागे एक पडीक तुकडा आहे. उजाड जमिनींवर पुन्हा जंगल आणायचं, हेच काम मी नोकरीत आयुष्यभर केलं, आणि निवृत्तीनंतर ते याच तुकड्यावर चालू ठेवलं. सहा वर्षं घाणेरी आणि गाजरगवत उपटून तिथे इथलंच, मूळचं गवत पेरलं.

या दिवसांत त्याचं बी पिकतं. ते जमिनीवर पडायच्या आत गवत कापलं, की वर्षाची मेहनत कचऱ्याच्या ट्रॉलीत! म्हणून इस्टेट ऑफिसच्या साहेबांकडून मी आधीच शब्द घेतला होता... पण मंगळवारी वरून इन्स्पेक्शन येणार म्हटल्यावर शब्द कुठला टिकतोय?

साहेब तिथेच उभे होते. म्हणाले, "मॅडम, समजून घ्या ना. रस्त्यावरून अगदी जंगल दिसतं हो ते."

"जंगलच आहे ते!" मी ओरडले. मग कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं सगळं इंग्रजी त्यांना ऐकवलं. ते मोबाइल कानाला लावून सटकले.

रस्त्याकडची पट्टी भुईसपाट झालेली पाहून मला रडूच यायला लागलं. तेवढ्यात रामकलीने माझा हात धरला. रामकली हॉर्टिकल्चरच्या गँगची मुकादम. तिचं माझं जुनं भांडण... इन्स्पेक्शन आलं की ही बाई टाउनशिपमधल्या प्रत्येक खोडाला गेरू-चुन्याचे पट्टे मारते. गेल्या वर्षी मी तिला सगळ्या गँगसमोर म्हटलं होतं, "झाडांना लिपस्टिक कशाला लावतेस गं?"

"चिल्लाना बाद में, मैडम. पहले इधर आओ," म्हणत तिने मला आत ओढत नेलं.

आत मधला सगळा तुकडा शाबूत उभा! खांद्याएवढं गवत, बियांनी वाकलेलं. आणि भोवती तिरक्या विटांची रांग... एक लाल, एक पांढरी. गेरू अजून ओला होता.

"ऑर्डर घास काटने का था. क्यारी काटने का थोड़ी था," ती म्हणाली. आणि खरंच, टाउनशिपचा हा अलिखित कायदाच आहे. रंगवलेल्या विटांच्या आत जे असेल ती क्यारी, म्हणजे बागेचा वाफा, आणि क्यारीत मशीन घालायची कुणाची टाप नाही. रविवारी ऑर्डर कळल्याबरोबर हिने गोडाउनमधल्या विटा काढून आणल्या होत्या आणि आज उजाडताच रंगवल्या होत्या.

मग तिने गवत बाजूला सारलं. "और ये अचार के पौधे आपने कब लगाए? बताया भी नहीं!"

अचार म्हणजे आपली चारोळी. मी मटकन खालीच बसले. जाड पानं, सरळ शिरा... एक, दोन, चार रोपं! नर्सरीत मी तीनदा चारोळी लावून पाहिली होती, तिन्ही वेळा मेली. या जमिनीत तर मी एक बीसुद्धा टाकलं नव्हतं.

कुठल्यातरी बुलबुलाने आणून टाकलं असणार. आपण लावलेलं जगलं तर ते बागकाम... पण न लावलेलं आपलं आपण उगवलं, तर जमिनीने आपल्याला पास केलं! नोकरीत ज्याची वाट पाहिली, ते निवृत्तीनंतर या पडीक तुकड्यात दिसलं. मी अक्षरशः टाळ्या पिटल्या.

रामकली कमरेवर हात ठेवून बघत होती. "देखा मैडम? लिपस्टिक काम आ गई ना?"

आली गं बाई, आली. गवतात बसूनच मी तिची माफी मागितली. माझ्या सगळ्या शास्त्राने जे वाचलं नसतं, ते हिच्या दोन डबे रंगाने वाचवलं.

मंगळवारी इन्स्पेक्शनची गाडी नेमकी तिथेच थांबली. काच खाली झाली आणि मोठ्या साहेबांनी विचारलं, "ये किस चीज़ की क्यारी है?"

आमचे इस्टेटवाले साहेब चाचरले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात रामकली ताठ उभी राहून म्हणाली, "जंगल की, साहब."