मावशीकडे पाच मिनिटं

सगळा घोळ व्हॉट्सअ‍ॅपने केला. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप बिचारं काय करणार, माझ्या मैत्रिणीने केला. ती शाळेत शिक्षिका आहे. कुठलीही गोष्ट फळ्यावर लिहिल्याशिवाय ती झाली असं तिला वाटतच नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिने माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन्ही ग्रुपवर जाहीर केलं की उद्या आम्ही तिघी मैत्रिणी जीप घेऊन सातपुड्यात चाललोय, मुक्काम तंबूत. खाली मार्गही लिहिला: धुळे, पारोळा, अमळनेर, चोपडा. खानदेशात राहून जी बाई आपला रस्ता नातेवाइकांना आधी कळवते, तिने तंबू घरीच ठेवावा.

मला ते निघेपर्यंत कळलं नाही. माझं डोकं वेगळीकडे होतं. चार वर्षं माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. दर दोन-तीन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. नवरा मदत करतो, नाही म्हणत नाही मी, पण त्याने हात लावला की त्या मलाच हाक मारतात. चार वर्षांत मी एक रात्र सलग झोपलेली नाही. या जानेवारीत नणंद म्हणाली, शनिवारी मी येते, रविवारी दुपारच्या गाडीने मला परत जायचंय, तेवढ्यात कुठेतरी जाऊन ये. तेवढ्यात म्हणजे एक रात्र. मला ती हौस म्हणून नको होती, औषध म्हणून हवी होती.

भावाची जुनी फोर-व्हील जीप मी मागून घेतली. लहानपणी शेतात ट्रॅक्टर चालवलेला, त्यामुळे गाडीची मला भीती नाही. भावाच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा डोंगराच्या पायथ्याशी, नदीपलीकडे, पडीक माळ होता. तिथे रस्ता जात नाही. नदीच्या कोरड्या पात्रातून, दगडधोंड्यांतून गाडी न्यायची, माळावर तंबू ठोकायचा, झोपायचं. सातला निघून अकराला पोचायचं असं मी ठरवलं होतं.

पारोळ्यात पहिला ब्रेक लागला. दुसरी मैत्रीण ब्यूटी पार्लर चालवते, तिच्या चुलतसासूबाई हायवेवर येऊनच उभ्या होत्या. गावावरून जाता आणि घरी येत नाही, हे काय वागणं झालं, असं त्यांनी गाडीची काच खाली व्हायच्या आत सुरू केलं. गेलो. पोहे, चहा, तिघींच्या ओट्या भरल्या. अमळनेरला शिक्षिकेची नणंद. तिथे परत पोहे, परत चहा, परत ओट्या. माझं माहेर साक्रीकडे, उलट्या दिशेला, म्हणून निदान माझं कोणी वाटेत नव्हतं. जीपमध्ये गिअरपाशी सहा नारळ गडगडत होते. मी काही बोलले की दोघी म्हणायच्या, अगं, माणसं आहेत म्हणून बोलावतात. मी दात-ओठ खात गाडी चालवत होते.

एक वाजता आम्ही चोपड्याच्या पुढे पायथ्याच्या गावात शिरलो. इथून नदी वीस मिनिटांवर. आणि इथे शिक्षिकेची सख्खी मावशी. ‘मावशी झोपूनच असते गं वर्षभर झालं,’ ती म्हणाली, ‘पाच मिनिटं बघू आणि निघू.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार वर्षं माझ्या घरी लोक असेच बघायला येतात. दारातून डोकावतात, किती बारीक झाल्या म्हणतात, चहा पितात आणि माझी दुपार संपवून निघून जातात. पण मावशीला बघायला जाऊ नको असं कोणाला कसं सांगणार?

घरात मावशी आणि तिची सून, दोघीच. मुलगा सुरतेला कामाला. सुनेने दारात आमच्या पायांवर पाणी घातलं, सतरंजी टाकली आणि आत गेली. पाचाची पंधरा मिनिटं झाली तेव्हा मला आतून चण्याची डाळ शिजल्याचा वास आला. खापर चुलीवर चढलं होतं. पाहुण्यांना खापरावरची पुरणपोळी, म्हणजे आता तीन तासांची निश्चिंती. घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, आज तर घोडं मीच होते, पण ते माझ्या ध्यानात यायला अजून वेळ होता.

जेवण उरकायला चार वाजले. पोळी अप्रतिम होती, हे कबूल करायला मला आजही जड जातं. पार्लरवाली सतरंजीवर आडवी झाली. शिक्षिका मावशीजवळ बसून जुने फोटो दाखवत होती, मावशी छताकडे बघत होती. थंडीचे दिवस, साडेसहाला अंधार. मी ताटं उचलून तावातावाने स्वयंपाकघरात गेले आणि सुनेला बोलायचं नाही ते बोलले. आम्ही तुमच्याकडे जेवायला आलोच नव्हतो, म्हटलं. आम्हाला पुढे जायचं होतं. तुम्ही कशाला घातला एवढा घाट, आमचा दिवस गेला.

ती खापर पुसत होती. तिने मान वर केली नाही.

‘माहीत आहे ताई,’ ती म्हणाली. ‘मीपण निघालेच होते.’

मग मला दाराआडची पिशवी दिसली. चेन लावलेली, वर घडी घातलेली शाल. विचारलं तेव्हा तिने थोडं थोडं करून सांगितलं. नदीपलीकडे तिचं माहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा साखरपुडा. रात्रभर मावशीजवळ थांबायला शेजारच्या अक्का तयार झाल्या होत्या, आणि ती दीडच्या एसटीने निघणार होती. एक वाजता आम्ही आलो. पाहुणे सोडून कसं जायचं म्हणून तिने अक्कांना सांगितलं, मी नाही जात. मग अक्काच त्या एसटीने आपल्या लेकीकडे निघून गेल्या, त्या आता सकाळीच येणार. वर्षभरात ती माहेरी गेली नव्हती.

मला शरमच वाटली. नुसती शरम नाही, संतापही आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. मी चार वर्षं ज्या पाहुण्यांच्या नावाने बोटं मोडली, ती पाहुणी मीच. पुरणपोळीवर तूप मागून घेतलेली.

मी बाहेर येऊन दोघींना सांगितलं की मी हिला माहेरी सोडायला चालले आहे, आज तुम्ही मावशीला सांभाळायचं. पार्लरवाली उठून बसली. आणि तंबू, ती म्हणाली. शिक्षिकेचा चेहरा पडला. आपल्याच मावशीचं करायचं म्हणताना ती बिचकली, हे मला स्पष्ट दिसलं. सून नको नको म्हणत होती. मी तिची पिशवी उचलून जीपमध्ये टाकली.

एसटी पुलावरून लांबचा वळसा घेते, आम्ही सरळ नदीत उतरलो आणि मी फोर-व्हील टाकलं. दिवसभरात पहिल्यांदा गाडी गाडीसारखी चालली. चाकाखाली दगड सरकत होते, एका ठिकाणी पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि आम्ही दोघी डाव्या बाजूला कलंडलो. गिअरपाशी नारळ एकमेकांवर आपटले. सुनेने डॅशबोर्ड घट्ट धरला होता. मी म्हटलं घाबरू नका. ती म्हणाली, घाबरत नाहीये, जरा जोरात घ्या. मी घेतली. चढावर गाडी वर आली तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसत होती. मी तिला विचारलं, रात्री मावशी किती वेळा उठवतात. तीन-चारदा, ती म्हणाली. आणि मग आम्ही दोघी कूस कशी बदलायची, उशी कुठे द्यायची, कुठलं मलम लागतं, हेच बोलत राहिलो.

माहेरच्या अंगणात तिची आई धावत आली. मला म्हणाली, उतर माय, पानी तरी पी. मी इंजिन बंदच केलं नाही. दिवसभरात तेवढं एक ‘नाही’ मला जमलं.

परत येताना माळ लागला. सपाट, स्वच्छ, कडेला पळसाची चार झाडं. सूर्य डोंगराआड चाललेला. मी गाडी थांबवून खाली उतरले. तंबू मागच्या सीटवर होता, अंथरूण होतं, पाणी होतं, नारळ तर सहा होते. तिकडे दोन धडधाकट बायका आहेत, एका रात्रीत काही बिघडत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तंबूची पिशवी काढून जमिनीवर ठेवलीसुद्धा. तेवढ्यात फोन वाजला. शिक्षिका रडकुंडीला आली होती. मावशीने अंथरूण ओलं केलंय, आम्ही दोघी उचलायला गेलो तर ती ओरडते, काय करू सांग. मी फोनवर सांगत होते, आधी गुडघे वळव, मग खांद्याला धर. तिला ते कळत नव्हतं. मला रडू फुटलं, रागाने. त्या माळावर उभी राहून मी मोठ्याने रडले आणि मग पिशवी परत गाडीत टाकली.

पोचले तेव्हा दोघी दोन भिंतींना टेकून उभ्या होत्या. हात धुतले, मावशीचे गुडघे वळवले, खांद्याला धरून तिला कुशीवर घेतलं, चादर बदलली, पाठ पुसली, पावडर लावली. उशीला टेकवून वरणात कालवलेल्या भाताचा पहिला घास तिच्या तोंडाशी नेला. तिने ओठ मिटून घेतले आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

‘तू कोन शे?’

शिक्षिका, तिची सख्खी भाची, शेजारीच उभी होती. मला नाव सांगता आलं असतं, धुळ्याची आहे म्हणता आलं असतं.

‘सून शे,’ मी म्हटलं.

मावशीने तोंड उघडलं.