ऐन मे महिन्यात भरलेलं हिव : सोलापूर ते बार्शी, छोट्या गाडीने

आधी सांगून ठेवतो, मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे आणि हे सगळं मोबाईलवर एका बोटाने लिहितोय. कुठे चुकलं तर समजून घ्या. लिहिलेलं मधेच उडून जाईल अशी धास्ती असल्यामुळे दर चार ओळींनी सुनेला हाक मारून विचारतो, "राहिलंय ना गं?" ती म्हणते, राहिलंय. म्हणून पुढे लिहितो.

अलीकडे लोक बार्शीला जातात ते मोटारीने, दीड तासात. भगवंताचं दर्शन, परत घरी. मी सांगतोय तो प्रवास बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती तेव्हाचा आहे, आणि आम्ही निघालो होतो फुटबॉल बघायला. शेठवर चिडून.

आमच्या भागातल्या गिरणीचा एक फुटबॉल संघ होता. मैदानाच्या कडेला चिंचेची झाडं, म्हणून नाव चिंचबाग संघ. अंगात निळा-पिवळा बनियन. खेळणारे सगळे गिरणीतलेच कामगार, आणि बघणारे आम्ही आसपासच्या मागांवरचे. मी एका कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायचो. रविवारी मॅच असली की शनिवारपासून मला जेवण जायचं नाही.

आमच्याकडे एक रीत होती. गिरणीचा मालक, म्हणजे शेठ, दरवर्षी भरवायचा त्या स्पर्धेचा अंतिम सामना जिंकला की त्या दिवशी जो सगळ्यांत चांगला खेळला त्याच्या अंगावर प्रेक्षकांनी चादर टाकायची. विकतची नव्हे, आम्हीच विणलेली, निळी-पिवळी. सोलापूरच्या माणसाने दुसरं काय द्यावं? खेळाडू ती चादर पांघरून मैदानाला फेरी मारायचा आणि बायका घरांच्या गच्च्यांवरून ओरडायच्या.

त्या वर्षी शेठने टॉवेल काढले. गलबत छाप टॉवेल. व्यंकण्णा म्हणाला, "सोलापुरात गलबत कुटनं आलं? होटगीच्या तळ्यात सोडणार हाय का शेठ?" व्यंकण्णा माझा दोस्त. माग चालवायचा, घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि तोंड दोन्हीकडे सारखंच तिखट.

आम्ही हसलो, पण ते हसणं टिकलं नाही. पहिल्यांदा संघाचं नाव बदलून गलबत छाप संघ झालं. मग बनियन गुलाबी झाले, कारण गुलाबी रंगाचा माल पडून होता. मग आमचं मैदान सर्कशीला भाड्याने दिलं. आणि शेवटी अंतिम सामनाच बार्शीला नेला, कारण तिथल्या एका व्यापाऱ्याने टॉवेलच्या गाठी उचलायचं कबूल केलं होतं. आमच्या संघाचा अंतिम सामना, आणि तो बार्शीत!

शेठने लोकांसाठी ट्रक ठेवला. फुकट. पण अट अशी की गेटवर गलबत छाप टॉवेल विकत घ्यायचा आणि गळ्यात घालूनच ट्रकमध्ये चढायचं. आम्ही नाही चढलो.

याच्याही पुढची गोष्ट महिबूबने सांगितली. महिबूब आमचा गोलकीपर. घडीखात्यात कामाला, घरी तीन लेकरं आणि अंथरुणाला खिळलेला बाप. तो सांगत आला, "मॅनेजर बोला, खेळाडूच्या अंगावर फक्त गलबत छाप. दुसरं काय अंगावर घेतलं तर सोमवारी खात्यावर यायचं न्हाय."

व्यंकण्णा पेटला. "मग तर चादर न्यायचीच! आजपर्यंत विणली न्हाय असली विणू."

मी मात्र गारठलो. चादर नेली आणि महिबूबने पांघरली, तर त्याची नोकरी जाणार. नाही पांघरली, तर आमचा संघ संपला असं समजायचं. दोन्हीकडून मरण. मी हे बोलून दाखवलं तेव्हा महिबूबच मला म्हणाला, "कायकू डरता रे दत्तू? पैले जीतने तो दे."

चादर दोन पन्ने, म्हणजे विणलेले दोन पट्टे, जोडून करायची ठरली, म्हणजे सगळ्या संघाला पुरेल एवढी. एक पन्ना व्यंकण्णाने दिवसपाळीत काढला, दुसरा त्याच्या भावाने रातपाळीत. मधली शिवण घातली ललिताम्माने, म्हणजे व्यंकण्णाच्या बायकोने. ती म्हणाली, "मीबी येणार. शिवण माझी हाय." झालं. भल्या सकाळी आम्ही दहा-बारा जण सोलापूर स्टेशनवर उभे होतो. मी सगळ्यांच्या आधी पोचलेलो, आणि गाडी गेली की काय या काळजीत.

मोठ्या गाडीने कुर्डुवाडीपर्यंत गेलो. मोहोळ, माढा गेलं, बाहेर उन्हात रान नुसतं तापलेलं. ललिताम्माने कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा काढला. उन्हाळ्यात त्या बाजूला जाणार असाल तर हेच न्या, विटत नाही. पाण्याची मात्र बेगमी करा. मी दोन मडकी घेतली होती, लोक हसले, आणि माढ्याच्या आत दोन्ही रिकामी केली.

कुर्डुवाडीला गाडी बदलायची. भजी झकास मिळायची, चहा चार घोटांचा. छोटी गाडी आता राहिली नाही, रूळ रुंद झाले. पण त्या वेळी तिच्यात बसणं म्हणजे मजा होती. डबा एवढा अरुंद की समोरच्या माणसाच्या गुडघ्याला गुडघा लागायचा. त्यात आमचं चादरीचं गाठोडं. ते ठेवलं की दार बंद होईना.

गाडी सुटली आणि तिकीट तपासनीस आला. गाठोड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे कुणाचं? मालाचं तिकीट काढलंय?"

आता उतरवणार, मॅच चुकणार, चादर जप्त होणार, सगळं मला दिसायला लागलं.

व्यंकण्णा शांतपणे म्हणाला, "माल न्हाय साहेब. पांघरूण हाय."

"एवढं? कुणाचं?"

"ह्याचं." आणि त्याने मला बाकावर आडवं केलं. "हिव भरलंय बिचाऱ्याला. बघा की कसा कापतोय."

मी खरंच कापत होतो. भीतीने. ललिताम्माने गाठोडं सोडलं आणि ती दोन पन्न्यांची, जाडजूड चादर माझ्यावर ओढली. बाहेर बेचाळीस डिग्री असेल, आत मी. तपासनीसाने माझ्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं तापलेलं.

"अरे, लई ताप हाय ह्याला!" तो म्हणाला. "बार्शीत दवाखान्यात न्या." जाताना त्याने खिडकीची फळी ओढून घेतली. वारं लागू नये म्हणून!

तो दुसऱ्या डब्यात जाईपर्यंत मला कुणी उठू देईना. डब्यातल्या परक्या बायका "च्च, च्च" करत होत्या आणि आमची माणसं तोंडात टॉवेल कोंबून हसत होती. गलबत छाप नव्हे, आपापले.

बार्शीत उतरलो तेव्हा माझा सदरा पिळून घ्यावा लागला. स्टेशनवरून मैदान चालत जाण्यासारखं होतं. वाटेत आडतीची दुकानं, ज्वारी-तुरीची पोती, हमालांची गडबड. खाणावळीत आमटी अशी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं. बार्शीची माणसं भली. एक दुकानदार म्हणाला, "तुमचा संघ आमच्या गावात, आन् तुमी पावणे! उलटंच की हे." त्याने आम्हाला माठातलं पाणी दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

मैदानाबाहेर पहिल्यांदा आम्ही चादर उन्हात उलगडली, आणि व्यंकण्णाने कपाळावर हात मारला. "अय्यय्यो!"

दोन पन्ने, दोन निळे. कारखान्यातल्या बल्बखाली सारखे दिसत होते. उन्हात एक गडद, दुसरा फिका. सूत दोन वेगवेगळ्या लॉटचं निघालं. विणकराने असली चूक करावी ती फक्त घाईत. व्यंकण्णा चादर परत गुंडाळायला लागला. "लोक थुंकतील तोंडावर. न्यायची न्हाय आत."

ललिताम्मा म्हणाली, "पुरुषांचा रंग चुकला, माझी शिवण न्हाय चुकली. चला."

सामना सुरू होण्याआधी महिबूब कडेला पाणी प्यायला आला. गुलाबी बनियनमध्ये तो बर्फाच्या गोळ्यासारखा दिसत होता. त्याला हसू यावं म्हणून व्यंकण्णाने गाडीतली हकीकत सांगितली. महिबूब पोट धरून हसला. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "चादर आणली?" मी मान हलवली. तो परत गोलाकडे गेला.

सामना कसा झाला ते सांगायला लागलो तर माझं बोट दुखेल. समोर मिरजेकडचा दांडगा संघ. एक-एक गोल झाला. बार्शीची माणसंही आमच्याकडून ओरडायला लागली. मी अर्धा सामना डोळे मिटून बघितला. शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. मी ललिताम्माला विचारलं, "वैनी, काय झालं?" ती म्हणाली, "डोळं उघडा की भावजी, अजून काय झालं न्हाय." उघडले तेव्हा महिबूब उजवीकडे उडी घेऊन चेंडू छातीशी धरून पडलेला. तिथून त्याने असा लांब चेंडू मारला की आमच्या गड्याने तो पायावर घेऊन सरळ जाळ्यात घातला. दोन-एक!

शिट्टी झाली. मैदान गर्जलं. आणि मग रीतीप्रमाणे सगळे थांबले.

चादर माझ्या हातात होती. पाच पावलांवर महिबूब. त्याच्या पलीकडे खुर्चीत शेठ, शेजारी बार्शीचा व्यापारी, आणि गुलाबी टॉवेलांची चवड घेऊन उभा मॅनेजर.

"दत्तू, टाक की!" व्यंकण्णा ओरडला.

माझे हात उठेनात. मला त्याची तीन लेकरं दिसत होती. "नोकरी जाईल रे त्याची," मी म्हणालो. सगळी माणसं माझ्या हाताकडे बघत होती आणि कुणी पुढे होईना.

तेवढ्यात महिबूब कापायला लागला. आधी खांदे, मग हात, मग दात वाजायला लागले. तो तिथेच मैदानात खाली बसला.

मॅनेजर धावत आला. "काय झालं रे?"

"हिव भरलं साहेब."

"ह्या उन्हात?"

"आत हाडांत हाय साहेब. बाहेर ऊन, आत हिव."

मॅनेजरने टॉवेल पुढे केला. "हा घे अंगावर."

महिबूबने टॉवेल घेतला, त्याने नीट तोंड पुसलं, आणि अदबीने परत केला. "टॉवेल तोंड पुसायला लई चांगला हाय साहेब. पण टॉवेलानं हिव जातंय व्हय?"

मैदानात जो हशा उठला, तो भगवंताच्या देवळापर्यंत गेला असेल. मी धावलो. आजारी माणसाला पांघरूण घालायला कुणाची आडकाठी! चादर महिबूबवर पडली तोच आमचा कप्तान पोटऱ्या धरून खाली बसला. "मलाबी भरलं!" मग दुसरा, मग तिसरा. अकराच्या अकरा जण त्या एका चादरीखाली घुसले आणि दात वाजवायला लागले. एक पन्ना गडद, एक फिका, आणि मधे ललिताम्माची शिवण ताणून ताणून धरलेली. गुलाबी रंग कुठे दिसेना.

शेठ उठून उभा राहिला. चेहरा लाल. पण बार्शीचा व्यापारीच हसून हसून खोकायला लागला. "शेठ, बसा, बसा. पोरं म्हणत्यात तुमच्या टॉवेलात ऊब न्हाय!" आता ज्याला माल विकायचा त्याच्यासमोर काय बोलणार? शेठ बसला.

तो आजारी संघ चादरीसकट उठला आणि मैदानाला फेरी मारली. बावीस पाय असलेला निळा-पिवळा प्राणी! मी शेपटाला धरून पळत होतो. आयुष्यात एवढा आनंद मला लग्नातही झाला नाही. हे सून वाचेल, तिने सासूला सांगू नये.

येताना एस.टी.ने वैरागमार्गे आलो. रस्ता तेव्हा खड्ड्यांचा होता, पण गाणी म्हणत असल्याने कुणाला कळलं नाही. फक्त मला कळलं. सोलापूर जवळ यायला लागलं तसा मी सोमवार किती तासांवर आला ते मोजायला लागलो.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी गिरणीच्या फाटकावर जाऊन उभा राहिलो. महिबूब बाहेर आला तो तोंड वाकडं करून.

"काढलं?"

"काढलं न्हाय." तो बाजूला थुंकला. "मॅनेजरनं अकराच्या अकरा जणांना दवाखान्यात लायनीत उभं केलं. हिवतापाच्या गोळ्या. त्याच्या समोर गिळायच्या, पाण्याशिवाय. म्हणाला, आता आठवडाभर रोज."

"मग?"

"मग क्या. आठ दिन कडू तोंड." आणि तो हसायला लागला.

आता शेवटचं, कारण बोट खरंच दुखतंय. आम्ही जिंकलो असं वाटून घेऊ नका. शेठने रंग परत दिला नाही. टॉवेल खपेनात, म्हणून पुढल्या वर्षी त्याने संघच बंद केला. सर्कस गेल्यावर मैदानावर गोदाम उठलं. चिंचा तोडल्या. गिरणीही पुढे बंद पडली, पण तोवर महिबूबची नोकरी शाबूत होती, लेकरं शिकली. व्यंकण्णा आता नाही. चादर फिरत फिरत माझ्याकडे आली. गडद पन्नाही विटून फिक्यासारखा झालाय, उन्हात धरली तरी आता फरक दिसत नाही. हे व्यंकण्णाला दाखवायला हवं होतं. शिवणीचा एक टाका सुटलेला नाही.

तुम्ही बार्शीला गेलात तर आमटी खा, पाणी बरोबर ठेवा, आणि उन्हाळ्यात जाऊ नका.

गेल्या मे महिन्यात महिबूबचा फोन आला. "दत्तू, हिव भरलंय रे." मी चादर पिशवीत घालून रिक्षाने त्याच्या घरी गेलो. कूलर चालू होता. आम्ही दोघे म्हातारे गुडघ्यांवर चादर घेऊन बसलो. त्याची सून सरबत घेऊन आली, आमच्याकडे बघितलं आणि घाबरून म्हणाली, "अब्बा, तबियत ठीक नै क्या? डॉक्टरकू बुलाऊँ?"

"नको गं बाई," महिबूब म्हणाला. "त्याच्या गोळ्या लई कडू असतात."